टाकी रिकामी पाहिजे

बोंद्रे म्हणाले, या स्कूटरच्या भाड्यात
दोनदा घरी येऊन जाशील ताई,
काऊन नेता हे लोखंड?
अजनीच्या डेपोसमोर त्यांचं ऑफिस,
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या
आणि भिंतीवर जहाजाचं कॅलेंडर.
मे महिन्यात नागपुरात
समुद्र जरा जास्तच निळा दिसतो.

उत्तर दिलं नाही मी. यादी घेतली.

गाडी जाणाऱ्याच्याच नावावर हवी,
तीही किमान वर्षभर आधीपासून.
वापरलेली हवी, आणि तसा पुरावा.
पुरावा म्हणजे, डाव्या कुशीवरची पोच बघा,
नाइट ड्यूटी संपवून मेडिकलच्या स्टँडवर
झोपेत पडलो होतो. आधी ती की मी, आठवत नाही.
गाडीत माती नको.
बी नको, पान नको, किड्याचा पंखसुद्धा नको.
बॅटरी सुटी. टाकी रिकामी.

माती नको म्हटल्यावर बाबा हसले.
मग घरातले सगळे जुने टूथब्रश गोळा करून
बोरिंगपाशी बसले, तीन दिवस,
इंदोऱ्याची अख्खी गल्ली येता-जाता विचारायची,
विकली का जी?
मडगार्डच्या आतून काळी निघाली,
ही उमरेडची, तुझ्या मावशीकडची, म्हणाले.
पिवळा मुरूम निघाला,
तो आमच्याच रस्त्याच्या खोदकामाचा,
दरवर्षीचा.
पायाखालच्या रबराआड सीताफळाची एक बी.
ती त्यांनी धुतली, पुसली,
खिशात टाकली.

गनीभाईनं कार्ब्युरेटर खोलला, फुंकला, बसवला.
तिकडं थंडी लई म्हणते,
चोक दिल्याबिगर किक मारू नको.
अन् तिथल्या कोण्या मिस्त्रीनं हात लावला
तर आधी मले व्हिडिओ लाव.

गिरीपेठच्या ऑफिसात
चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते.
आकडे हळूहळू वर येतात,
जणू आतूनच कोणी लिहितंय.
बाबू म्हणाला, दोन प्रती.
बाबांनी तीन घासल्या.

मग बोंद्र्यांनी आर.सी. बुक उघडलं,
चष्मा कपाळावरून नाकावर आणला.
सूर्यभान खोब्रागडे यांच्याकडून
प्रज्ञा सूर्यभान खोब्रागडे यांच्या नावे.
नऊ मार्च, मागच्या वर्षीचा.
बसते नियमात, म्हणाले, चौदा महिने होतात.

मी घरी सांगितलं डिसेंबरात.
मार्चमध्ये मी फक्त
रात्री चादरीत मोबाइलचा उजेड दाबून
डनेडिन नावाचं गाव पाहत होते,
तिथले चढ, तिथलं हॉस्पिटल, तिथला पगार.
आणि एका सकाळी, हो,
इन्शुरन्सचा कागद आहे, सही कर, म्हणाले होते.
दुधाचं पातेलं गॅसवर होतं.
मी न वाचताच केली होती.

घरी आले तेव्हा ते
चाकाच्या आऱ्यांतून सुती दोरा ओढत होते.
मी विचारलं नाही.
चहा टाकला.

राहिली टाकी.
नळीनं ओढून घेतो, गनीभाई म्हणाला,
दोन मिनिटाचं काम.
बाबा म्हणाले, नको. फिरवून संपवू.

संध्याकाळी सातला निघालो.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते मागे बसले,
हात कुठे ठेवावा कळेना,
शेवटी स्टेपनीला धरून बसले.
कमाल चौक, मग रिंगरोड, मानकापूर,
डांबर अजून दिवसभराचं ऊन ओकत होतं.
काटा लाल रेघेखाली गेला, गाडी चालूच.
रिझर्व्हवर टाकली, चालूच.
काटोल नाक्याच्या पुढे वस्ती विरळ झाली
तसे मागून म्हणाले,
ते कच्च्याकडून घे ना,
तिकडून जवळ पडते.

तिकडून काही जवळ पडत नव्हतं.
मी घेतली.
धुरळा उठला, दिव्याच्या झोतात तरंगला,
चाकांवर, मडगार्डवर, आमच्या दोघांवर बसला,
आणि एका बाभळीपाशी
इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

उतरलो. मी हँडल धरलं, ते मागून रेटू लागले.
घर नऊ किलोमीटर.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
उद्या परत ब्रश मारा लागते.